खर्जाचा साथीदार

कोणत्याही मैफलींत श्रोत्यांचे डोळे गवयाकडे लागलेले असतात. तबलजीनें एखादा तुकडा बहारीनें वाजविला तर क्षणभर माना त्याच्याकडे वळतात. सारंगीनें गळ्याची हुबेहूब नक्कल केली तर तिलाही दाद मिळते. परंतु मागें बसून तानपुऱ्याच्या चार तारा एकामागून एक छेडीत राहणाऱ्या माणसाकडे कोणी पाहत नाहीं. त्याचा खर्ज चालू असतो तोंपर्यंत तो तेथें आहे याची जाणीवही कोणाला नसते; तो थांबला म्हणजे मात्र सगळी मैफल एकाएकीं उघडी पडल्यासारखी वाटते. पाश्चात्यांच्या लोकप्रिय संगीतांत, विशेषतः ज्याला रॉक संगीत म्हणतात त्यांत, ही खर्जाची जागा ज्या वाद्याकडे आहे त्याचें नांव बास गिटार.

हें वाद्य दिसण्यांत गिटारीसारखेंच, परंतु मान अधिक लांब आणि तारा अधिक जाड. गिटारीला सहा तारा, याला चार. गिटारीची सर्वांत खालच्या सुराची तार सेकंदास सुमारें ८२ वेळां कंप पावते, तर बासची तशीच तार सुमारें ४१ वेळां. म्हणजे ती बरोबर एक सप्तक खालीं बोलते. १९५० पूर्वीं हें काम पुरुषभर उंचीच्या उभ्या बासकडे असे. तो घेऊन गांवोगांव हिंडणें म्हणजे निव्वळ हमाली. शिवाय त्याला पडदे नसल्यामुळें सूर केवळ कानाच्या भरंवशावर लावावा लागे, आणि नाचघरांतील गोंगाटांत आपला आवाज वादकाला स्वतःलाच ऐकूं येईनासा होई. १९५१ सालीं कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवच्या लिओ फेंडर नांवाच्या कारागिरानें या अडचणींवर तोड काढली. रेडिओदुरुस्तीच्या धंद्यांतून तो वाद्यें बनविण्याकडे वळला होता. त्यानें पडदे बसविलेली, पट्ट्यानें खांद्यावर अडकवितां येणारी आणि विजेच्या साह्यानें हवा तेवढा मोठा आवाज देणारी बास गिटार बाजारांत आणली. पडद्यांमुळें सूर अचूक लागतो, म्हणून तिचें नांवच त्यानें 'प्रिसिजन', म्हणजे 'अचूकपणा', असें ठेविलें.

खर्ज त्यामुळें सुटसुटीत झाला. त्याची प्रतिष्ठा मात्र कांहीं वाढली नाहीं. चार मुलें जमून बँड काढूं लागलीं म्हणजे जो हुषार असेल तो गिटार घेई, ज्याला गळा असेल तो गाई, ज्याच्या मनगटांत जोर असेल तो ड्रमांमागें बसे. आणि मित्र आहे, वगळतां तर येत नाहीं, म्हणून जो उरे त्याच्या गळ्यांत बास पडे. या उरलेल्या जागेवर एका मनुष्यानें पन्नास वर्षांहून अधिक काळ पाय रोवून तिला मान मिळवून दिला. त्याचें नांव माईक वॉट. लाखोंनीं तबकड्या खपलेल्या, राजवाड्यासारख्या घरांत राहणाऱ्या रॉक वादकांच्या यादींत त्याचें नांव सांपडावयाचें नाहीं. पण खर्ज म्हणजे काय, आणि साथ करणें म्हणजे काय, हें ज्याला समजून घ्यावयाचें असेल त्याला त्याच्या चरित्रावांचून गत्यंतर नाहीं.

माईक वॉटचा जन्म २० डिसेंबर १९५७ रोजीं व्हर्जिनियांतील पोर्ट्‌समथ येथें झाला. वडील अमेरिकेच्या आरमारांत होते आणि त्यांची नोकरी जहाजाच्या तळाशीं, इंजिनघरांत. वडिलांच्या बदलीबरोबर कुटुंब कॅलिफोर्नियांत सॅन पीड्रो येथें आलें, आणि तेथेंच राहिलें. सॅन पीड्रो म्हणजे लॉस एंजलिस शहराचें बंदर. १९०९ सालीं शहरानें तें आपल्यांत सामील करून घेतलें आणि मधल्या एका अरुंद पट्टीनें त्याची गांठ स्वतःशीं बांधली. पण नकाशावरची ही पट्टी मनांची गांठ कांहीं बांधूं शकली नाहीं. गोदीकामगार, कोळी, क्रोएशियांतून आणि इटलींतून आलेलीं दर्यावर्दी कुटुंबें, यांचें हें गांव. येथून उत्तरेस अवघ्या तासाभराच्या वाटेवर हॉलिवूडचा झगमगाट. पण गांवचे लोक आपल्या गांवाला नुसतें 'पीड्रो' म्हणतात आणि आपण लॉस एंजलिसचे आहोंत असें सहसा सांगत नाहींत.

याच गांवच्या एका बागेंत वॉटची आणि डी. बून या मुलाची गांठ पडली. दोघेही बारा-तेरा वर्षांचे. बून झाडावर दबा धरून बसला होता. खालून जाणारा मुलगा आपला ठरलेला सवंगडी आहे अशा समजुतीनें त्यानें वरून उडी टाकली, आणि पाहतो तों मुलगा भलताच! पुढें दोघे बागेंतून बरोबर चालूं लागले, तेव्हां बून असें कांहीं चुरचुरीत बोलत सुटला कीं, हा मुलगा विलक्षण बुद्धिमान असला पाहिजे असें वॉटला वाटलें. हीं सारीं वाक्यें एका विनोदी नटाच्या तबकडीवरून पाठ केलेलीं आहेत हा उलगडा नंतर झाला. पण तोंपर्यंत मैत्री जडली होती.

बूनच्या आईनें या दोघांच्या आयुष्याला वळण दिलें. शाळा सुटल्यावर मुलांनीं रस्त्यावर उनाडक्या करण्यापेक्षां घरांत बसून वाद्यें वाजवावीं, असें तिला वाटे. बूननें गिटार घ्यावी आणि वॉटनें बास, अशी वांटणीही तिनेंच केली. बास म्हणजे काय हें वॉटला ठाऊक नव्हतें! तबकड्यांच्या वेष्टनांवरील चित्रांत त्याला चार खुंट्यांची गिटार दिसे. म्हणून त्यानें एका साध्या गिटारीवर चारच तारा ठेविल्या आणि तिलाच बास समजून तो वाजवूं लागला. तिचा सूर एक सप्तक खालीं असावा लागतो, ही गोष्ट त्याच्या गांवींही नव्हती. इतकेंच नव्हे, तर तारा कमी-अधिक ताणणें ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब आहे, अशीच दोघांची कल्पना होती. दोन वाद्यें एकमेकांशीं जुळवून घ्यावीं लागतात हें त्यांना बऱ्याच उशिरां कळलें. खरी बास गिटार प्रथम हातीं आली तेव्हां तिच्या जाड तारा पाहून वॉट चकित झाला. ज्यांना गुरु नाहीं, ग्रंथ नाहीं, त्यांची विद्या ही अशी अडखळत चालते. पण अशा विद्येचा एक गुण असतो. ती ज्याच्याबरोबर शिकली जाते, त्याच्याशीं ती कायमची बांधली जाते. वॉटचा बास बूनच्या गिटारीशीं तसा बांधला गेला.

त्या काळीं रॉक संगीताचे मोठे जलसे प्रचंड क्रीडागृहांतून होत. हजारों लोक दूर अंधारांत बसत आणि व्यासपीठावरील वादक मुंगीएवढे दिसत. आपण त्या जागीं उभें राहावें, किंबहुना आपण स्वतः एखादें गाणें रचावें, हा विचारही या मुलांच्या मनाला शिवला नाहीं. तीं दुसऱ्यांच्या गाण्यांची हुबेहूब नक्कल करण्यांतच धन्यता मानीत. १९७७ च्या सुमारास हॉलिवूडच्या लहानसहान दिवाणखान्यांतून 'पंक' नांवाचा नवा प्रकार सुरू झाला. त्यांतील वादक फारसे तरबेज नव्हते, पण श्रोत्यांच्या हातभर अंतरावर उभे राहत आणि स्वतःचें म्हणणें स्वतःच्या शब्दांत मांडीत. पीड्रोच्या या दोघांना जणूं कोणीं कुलूप उघडून दिलें. वॉटला आणखी एक शोध लागला. या नव्या बँडांतून बासवाला मागें लपलेला नसे. गिटार वाजविणारे बहुधा नवशिके असल्यामुळें गाण्याचा सांगाडा बासच उभा करी, आणि कांहीं ठिकाणीं तर बासवालाच पथकाचा नायक असे.

१९७८ सालीं दोघांनीं 'रिअ‍ॅक्शनरीज' नांवाचा बँड काढला. तो लौकरच मोडला, आणि १९८० मध्यें 'मिनिटमेन' उभा राहिला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत क्षणाच्या सूचनेवर नांगर टाकून बंदूक उचलणाऱ्या शेतकरी शिपायांना हें नांव होतें. बून गिटार वाजवी आणि गाई, वॉट बास वाजवी, आणि ड्रमांवर जॉर्ज हर्ली हा पीड्रोचाच तिसरा गडी येऊन बसला. गाणीं अत्यंत छोटीं, पुष्कळदां मिनिटभराच्या आंत संपणारीं. पहिल्या तबकडीवर सात गाणीं होतीं आणि तीं सातही मिळून सात मिनिटें भरत नव्हतीं! जें सांगावयाचें तें सांगून झालें कीं थांबावें, पाल्हाळ लावूं नये, हा त्यांचा नियम.

या तिघांच्या वाद्यमेळांत एक तत्त्व होतें, आणि बासचें सारें माहात्म्य त्यांत सांठविलेलें आहे. विजेच्या गिटारीचा आवाज यंत्रावर पातळ किंवा जाड करतां येतो. बहुतेक गिटारवाले तो जाड ठेवतात. त्यामुळें तो सगळीकडे पसरतो आणि बासचा सूर त्याच्याखालीं दडपून जातो. बूननें याच्या उलट केलें. आपल्या गिटारींतील खालचे स्वर त्यानें जवळजवळ काढूनच टाकले आणि तिचा आवाज तारेसारखा पातळ, टोंचणारा ठेविला. खालची सारी जमीन त्यानें वॉटच्या बासला मोकळी करून दिली आणि मधली पोकळी हर्लीच्या ड्रमांना. बून राजकारणांत कामकरी लोकांचा पक्षपाती होता, आणि वॉटनें पुढें अनेक वेळां सांगितल्याप्रमाणें ही वांटणी त्या मतांतूनच निघाली होती. व्यासपीठावर समतेचीं गाणीं गावयाचीं आणि तेथेंच आपल्या सोबत्याची जागा खावयाची, हें त्याला पटत नव्हतें. ज्यानें मित्र म्हणून बासचें काम पत्करलें, त्याला बरोबरीची जागा देण्यासाठीं गिटारवाला आपण होऊन मागें सरला. नायकानें साथीदारासाठीं आपला आवाज बारीक केल्याचें उदाहरण कोणत्याही संगीतांत विरळाच सांपडेल.

पैशाच्या बाबतींत त्यांचा बाणा अंथरूण पाहून पाय पसरण्याचा होता. त्याला ते आपल्या गांवच्या बोलींत 'इकॉनो' म्हणत. ध्वनिमुद्रणाचें दालन रात्रीं उशिरां स्वस्त मिळतें, म्हणून रात्रीं जावयाचें; घरीं तालीम पक्की करून जावयाचें, म्हणजे तेथें वेळ मोडत नाहीं; गाडी स्वतः हांकावयाची, सामान स्वतः वाहावयाचें, आणि रात्र कोणा ओळखीच्याच्या घरीं जमिनीवर पथारी टाकून काढावयाची. जलसे लौकर सुरू व्हावेत असाही बूनचा आग्रह असे. कारण सकाळीं कामावर जाणाऱ्या माणसानें रात्रीं एकपर्यंत जागून गाणें कसें ऐकावें? जें कलावंतांना सहसा सुचत नाहीं, तें कामकऱ्याच्या घरांत वाढलेल्या या मुलाला सहज सुचलें.

१९८४ सालीं त्यांचा 'डबल निकल्स ऑन द डाइम' हा दोन तबकड्यांचा संग्रह निघाला. त्यांत चाळीसाहून अधिक गाणीं आहेत आणि त्याच्या ध्वनिमुद्रणाला सुमारें १,१०० डॉलर खर्च आला. एखाद्या नामांकित बँडाचा तेवढा खर्च एका दिवसांत होत असे. वेष्टनावर वॉट गाडी हांकीत आहे, वेगदर्शक कांटा ५५ मैलांवर आहे, आणि समोर सॅन पीड्रोची पाटी दिसते आहे, असें छायाचित्र आहे. त्या काळीं अमेरिकेंत वेगाची कायदेशीर मर्यादा ५५ मैलांची होती. एका प्रसिद्ध गायकानें 'मला ही मर्यादा पाळवत नाहीं' अशा अर्थाचें गाणें गाजविलें होतें. यांचें उत्तर असें कीं, बंड करावयाचें तर तें संगीतांत करावें. गाडी बेताल हांकण्यांत कसलें आलें आहे शौर्य! हा संग्रह पुढें त्या दशकांतील श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांत गणला गेला.

पण हें सुख फार दिवस टिकावयाचें नव्हतें. १९८५ च्या डिसेंबरांत आर. ई. एम. या नामवंत बँडाबरोबर दौरा करून तिघे घरीं परतले. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, २२ डिसेंबरला, बून अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटांतून प्रवास करीत असतां मोटारीला अपघात झाला. अंगांत ताप असल्यामुळें तो गाडीच्या मागच्या भागांत पडून होता; तो बाहेर फेंकला गेला आणि जागच्या जागीं गतप्राण झाला. त्याचें वय सत्तावीस वर्षांचें होतें. वॉटला अठ्ठावीस वर्षें पुरीं होऊन दोनच दिवस झाले होते.

साथीदाराचें दुःख हें इतर दुःखांहून निराळें असतें. गायकाचा तबलजी गेला तर गायक रडतो, परंतु दुसरा तबलजी घेऊन गाऊं शकतो. ज्याची विद्याच दुसऱ्याच्या सुराखालीं सूर धरण्याची, त्यानें तो वरचा सूर नाहींसा झाल्यावर काय करावें? बास हें वाद्य वॉटनें हौसेनें निवडलें नव्हतें; बून गिटार वाजवितो, म्हणून त्यानें बास वाजविला. बून गेला तेव्हां बास वाजविण्याचें कारणच गेलें. त्यानें वाद्य बाजूला ठेविलें. बँड संपला होता, आणि आपण वादक म्हणूनही संपलों अशी त्याची खात्री झाली होती. न्यूयॉर्कच्या 'सोनिक यूथ' या बँडांतील मित्रांनीं त्याला आपल्या ध्वनिमुद्रणांत बास वाजविण्यास बसविलें, तेव्हां कुठें बोटांना पुन्हां तारांचा स्पर्श झाला.

खरें पुनरुज्जीवन मात्र एका अनोळखी तरुणाच्या हातून व्हावयाचें होतें. ओहायो राज्यांतील एड क्रॉफर्ड नांवाचा विशींतला विद्यार्थी मिनिटमेनचा भक्त होता. वॉट आणि हर्ली नवा गिटारवाला शोधीत आहेत, अशी एक कंडी त्याच्या कानीं आली. ती सपशेल खोटी होती. पण पोरानें दूरध्वनीच्या यादींतून वॉटचा क्रमांक शोधून काढला, आणि नकार ऐकूनही सगळें खंड ओलांडून तो पीड्रोला दाखल झाला. बूनच्या जागीं दुसरा कोणी, ही कल्पनाही वॉटला सोसवत नव्हती. तथापि हा मुलगा बूनची जागा मागावयास आलेला नाहीं, त्याला फक्त वाजवावयाचें आहे, हें त्यानें पाहिलें. १९८६ मध्यें 'फायरहोज' हा नवा बँड उभा राहिला, आणि १९९४ पर्यंत चालला. त्याची पहिली ध्वनिमुद्रिका बूनच्या स्मृतीस अर्पण केलेली होती. पुढें वॉटनें आपल्या ध्वनिमुद्रिकांवर हें अर्पण कधीं चुकविलें नाहीं.

याच सुमारास वॉटनें आणखी एक प्रयोग केला. किरा रोसलर ही 'ब्लॅक फ्लॅग' या बँडांत बास वाजविणारी वादक. तिच्यासह त्यानें 'डॉस' नांवाचें पथक काढलें. डॉस म्हणजे स्पॅनिश भाषेंत 'दोन'. या पथकांत ना गिटार, ना ड्रम; नुसते दोन बास! दोन तानपुऱ्यांनींच मैफल करावी, तसा हा प्रकार. दोघांनाही साथ करण्याची संवय, त्यामुळें कोणी पुढें सरसावेना, आणि त्या संकोचांतूनच एक नवें, मृदु, संभाषणासारखें संगीत निर्माण झालें. एकानें बोलावें, दुसऱ्यानें ऐकावें, मग दुसऱ्यानें बोलावें. ऐकणें हीही वादनाचीच एक बाजू आहे, हें या दोन बासांनीं दाखवून दिलें.

१९९५ सालीं त्याची स्वतःच्या नांवानें पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या नांवांतच एक प्रश्न आहे: चेंडू कोणाला न देणारा आपमतलबी खेळाडू, कीं टगबोट? बंदरावर राहणाऱ्याला टगबोट म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. प्रचंड जहाज समुद्रांत कितीही दिमाखानें चालो, धक्क्याला लागतांना त्याला ही बुटकी, काळवंडलेली होडीच ढकलीत, ओढीत नेते. जहाजाचें नांव वर्तमानपत्रांत येतें. टगबोटीचें येत नाहीं. त्या ध्वनिमुद्रिकेंत त्या काळचे अनेक नामवंत गायक-वादक स्वखुषीनें सामील झाले, आणि तळाशीं सर्वत्र एकच बास वाजत राहिला. प्रश्नाचें उत्तर त्यांतच आलें.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९९७ मध्यें, 'कन्टेम्प्लेटिंग द एंजिन रूम' ही त्याची सर्वांत हृद्य कृति प्रसिद्ध झाली. इंजिनघरांत काम करणारे खलाशी, एका दिवसाचा जहाजावरील जीवनक्रम, असा तिचा बाह्य विषय. पण ऐकणाराला हळूहळू उमजतें कीं, ही एकाच वेळीं वडिलांचीही कथा आहे आणि मिनिटमेनचीही. मुलाचें हें विचित्र संगीत वडिलांना प्रथम कळत नसे. परंतु दौऱ्यावरून तो गांवोगांवचीं कार्डें घरीं पाठवूं लागला, तेव्हां त्यांना त्यांत खलाशाचें आयुष्य ओळखूं आलें, असें वॉटनें सांगितलें आहे. आपल्या मोटारीलाही तो 'बोट' म्हणतो. जहाजाच्या तळाशीं, सूर्यप्रकाश नाहीं अशा जागीं, कढत तेलाच्या वासांत उभें राहून जो यंत्र चालू ठेवतो, त्याच्यामुळें वरच्या लोकांचा प्रवास होतो. वडिलांनीं तें इंजिनाजवळ केलें, मुलानें बासजवळ. दोघांचा पेशा एकच होता.

२००० सालच्या आरंभीं त्याच्यावर मृत्यूचाच घाला आला. अवघड जागीं झालेलें एक गळूं आंतल्या आंत वाढून फुटलें आणि त्याचें विष अंगांत भिनूं लागलें. तांतडीची शस्त्रक्रिया झाली. कित्येक आठवडे त्याला अंथरुणावर काढावे लागले. उठून बसल्यावर त्यानें बास मांडीवर घेतला, तेव्हां बोटें चालेनात. बेचाळीस वर्षांचा, तीसएक वर्षांचा अनुभव असलेला वादक पुन्हां श्रीगणेशा गिरवूं लागला. धडे म्हणून त्यानें 'स्टूजेस' या मिशिगनच्या जुन्या बँडाचीं गाणीं निवडलीं. लहानपणापासून तीं त्याच्या आवडीचीं. त्यांत स्वर थोडे, पण तेच स्वर न थकतां, न डगमगतां पुन्हां पुन्हां वाजवावे लागतात. दुर्बळ हाताला याहून चांगला व्यायाम कोणता? हीं गाणीं तो मित्रांच्या पथकांतून वाजवूं लागला. हळूहळू स्टूजेसचा मूळ गिटारवाला रॉन अ‍ॅशटन त्यांत येऊन मिळाला. आणि १९७४ मध्यें मोडलेला तो बँड २००३ सालीं पुन्हां जमला, तेव्हां मृत बासवाल्याच्या जागीं निवड झाली ती वॉटची! आजारपणांत बोटें सोडविण्यासाठीं घेतलेला धडाच त्याला त्या धड्याच्या कर्त्यांजवळ घेऊन गेला.

स्टूजेसबरोबर त्यानें सुमारें दहा वर्षें जगभर मोठमोठ्या समुदायांपुढें वादन केलें. तेथें तो नायक नव्हता. दुसऱ्याचीं गाणीं दुसऱ्याच्या इच्छेप्रमाणें वाजविणारा साथीदार होता, आणि त्यांत त्याला कमीपणा वाटला नाहीं. दौरा संपला कीं तो पीड्रोला परत येई आणि गांवच्या मित्रांना घेऊन लहान लहान पथकें चालवी. २००४ सालची 'द सेकंडमन्स मिडल स्टँड' ही आपल्या आजारपणाची कथा त्यानें डांटेच्या नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग या तीन पायऱ्यांवर रचली. तींत गिटारच नाहीं; ऑर्गन, ड्रम आणि बास, एवढाच मेळ. पुढें हिएरोनिमस बॉश या जुन्या डच चित्रकाराच्या चित्रांतील चमत्कारिक आकृतींवर त्यानें तीस छोटीं गाणीं केलीं. तीं बासवर न बांधतां त्यानें बूनच्या गिटारीवर बांधलीं. मित्राच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनीं त्याचें वाद्य हातीं घेऊन, मिनिटमेनच्या छोट्या गाण्यांची घडण त्यानें पुन्हां एकदां उलगडून पाहिली. इतकीं वर्षें त्या घडणीकडे वळण्याचें धैर्य त्याला झालें नव्हतें.

या दीर्घ कारकीर्दीचा हिशेब कोणत्या मापानें करावा? धन, कीर्ति, खप यांच्या मापानें तो भरत नाहीं. दुसरें माप असें आहे कीं, ज्या ज्या पथकांत हा मनुष्य उभा राहिला, त्या त्या पथकांतील दुसरे वादक अधिक चांगले वाजवूं लागले. खर्जाचें काम दुसऱ्याच्या सुराला बसावयास जागा देणें. तें करतांना स्वतःचा सूर हरवूं द्यावयाचा नाहीं, आणि दुसऱ्याचा झांकावयाचाही नाहीं. हा तोल संगीतांत जितका अवघड, तितकाच संसारांत आणि सार्वजनिक कामांतही अवघड आहे. प्रत्येक गांवांत असे कांहीं लोक असतात. उत्सवाच्या वर्गणीपासून वाचनालयाच्या दिव्यापर्यंत सारें त्यांच्या खांद्यावर चालतें, आणि छायाचित्र काढतांना ते कडेला उभे असतात. वॉटचें चरित्र हें अशा सर्वांचें चरित्र आहे.

आणि त्यांत एका गृहिणीचाही वांटा आहे. मुलांनीं दुपारच्या वेळीं डोळ्यांसमोर राहावें, एवढाच तिचा हेतु. तिनें आपल्या मुलाला एक वाद्य दिलें आणि त्याच्या मित्राला दुसरें. तेंही असें कीं, एकाचें दुसऱ्यावांचून अडावें. मुलगा सत्ताविसाव्या वर्षीं गेला. मित्रानें साठी ओलांडली तरी तिनें वांटून दिलेलें काम खालीं ठेविलें नाहीं.